पलंगावरचं ऊन

भर दुपारी मेस्त्रींनी दारंखिडक्या लावून घेतल्या आणि अंधारात मान वर केली. कालच्या वादळानं कुठली कौलं हलवली, ते असं आतूनच कळतं. छपरातून ठिकठिकाणी ऊन झिरपत होतं, जणू घरातच चांदणं पडलं होतं.

एक कवडसा अंथरुणाला खिळलेल्या यसूकाकींच्या तळहातावर उतरला होता.

"हा वादळातला नाही," त्या हसून म्हणाल्या. "हे गेले त्या वर्षीपासून येतोय. पावसात पलंग सरकवतात, मग मी परत इथेच आणायला लावते. एवढा राहू दे."

मेस्त्री शिडीवर चढले. तडकलेल्या कौलाखालचा वासा त्यांनी दाबून पाहिला, तर बोट आत गेलं.

"काकी, पुढच्या वाऱ्याला हा तुमच्या अंगावर आला असता! दरवर्षी पावसाआधी कौलं कोण परततं?"

"हेच परतायचे."

संध्याकाळपर्यंत नवा वासा बसला, सगळी भोकं बुजली. काकींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या गालाला ऊब लागली. वर, जुन्याच जागी, मेस्त्रींनी काचेचं कौल बसवलं होतं.

काकींनी ओंजळ धरली. ऊन मावेना.