टिकलीचा नंबर

शेवटचं जेवण म्हणून मालनबाईंनी टिकलीला बांगडा दिला. डोकं नव्हे, शेपूट नव्हे, आख्खा बांगडा.

"इतके दिवस नुसतं डोकं टाकताना जीव जायचा तुझा," उत्तमराव म्हणाले.

"जाणाऱ्या पाहुण्याला नीट वाढतात."

फोन वाजला. उत्तमरावांचा भाचा जगन होता. "मामा, ट्रॅफिकमधून सुटलो एकदाचा. दहा मिनिटांत डोंबिवलीत पोचतो. करंडी आणलीय, मांजर तयार ठेवा." जगनचं शीळफाट्याला गोडाऊन होतं. आजपासून टिकली तिथे राहणार होती.

दीड महिना उत्तमरावांनी तिला संडास शिकवण्यात घातला होता. वागळे इस्टेटमध्ये ते चौतीस वर्षं फिटर होते. शिकाऊ पोरांना जसं एकेक पायरीने वर आणत, तसंच त्यांनी मांजरीला आणलं. आधी जमिनीवर वाळूचं घमेलं. मग तेच घमेलं विटांवर. मग कमोडवर. मग घमेल्याला मधोमध भोक, आणि ते दर चार दिवसांनी थोडं मोठं. भोकाच्या कडा त्यांनी कानसीने घासून गुळगुळीत केल्या होत्या, तिच्या पंजाला लागू नये म्हणून. शेवटी घमेलंच काढून टाकलं, तरी टिकली कमोडच्या कडेवर चारही पाय रोवून व्यवस्थित बसायला लागली.

पण फक्त सकाळी. दार उघडून, तिला आत घेऊन, उत्तमराव समोर उलट्या बादलीवर बसले की. दुपारी मात्र ती सेफ्टी डोअरच्या गजांतून सटकायची आणि शेजारच्या रचनाची पॅसेजमधली मोगऱ्याची कुंडी गाठायची. तिसऱ्या तक्रारीनंतर सोसायटीने सांगितलं, रविवारपर्यंत मांजर हलवा. आज रविवार होता.

"मुकादम समोर असला की काम, पाठ फिरली की टंगळमंगळ," उत्तमराव म्हणाले. "कारखान्यात अशी खूप बघितलीत मी. पण घरातून हाकललं नव्हतं कुणाला."

"जाऊ द्या. गोडाऊनमध्ये उंदीर आहेत. पोट भरेल तिचं."

"आणि बाहेर दिवसभर ट्रेलर आहेत."

मांजर नको, असं मालनबाई कोपरीची चाळ सोडून या फ्लॅटमध्ये आल्यापासून म्हणत होत्या. पण करंडीत घालायला त्यांनी सकाळीच एक जुनी साडी काढून ठेवली होती, असतील त्यांतली सगळ्यांत मऊ बघून. त्या उठल्या, संडासला जाऊन आल्या, पाय धुतले आणि खुर्चीत येऊन टेकल्या.

टिकलीने मिशा पुसल्या. मग ती सावकाश चालत पॅसेजकडे नाही, संडासाकडे गेली. दारासमोर बसली. दाराकडे बघितलं, वर कडीकडे बघितलं. पंजाने दार दोनदा खरवडलं. एकदा बारीक आवाजात ओरडली. पुन्हा बसली. बराच वेळ बसली. मग उठून सेफ्टी डोअरकडे निघाली.

"बघ, निघाली कुंडीकडे," उत्तमराव म्हणाले.

"थांबा." मालनबाई खुर्चीतून पुढे सरकल्या. "अहो, ती आधी कुठे गेलेली?"

उत्तमरावांनी संडासाच्या दाराकडे बघितलं. "कडी कुणी लावली?"

"मी. मग काय उघडं टाकू दार?"

"रोज लावतेस?"

"एकतीस वर्षं लावतेय!"

चाळीत चार बिऱ्हाडांत एक संडास होता. बाहेर आलं की बाहेरून कडी लावायची, हा तिथला कायदा. नाही लावली तर कुत्री आत शिरायची आणि मग कोपऱ्यातली रखमाबाई संध्याकाळपर्यंत उद्धार करायची. चाळ सुटली, कडी काही सुटली नव्हती.

"म्हणजे ती रोज दुपारी..." मालनबाई उठता उठता म्हणाल्या. "रोज इथे येऊन, नंबर लावून बसत होती बिचारी. आणि मी म्हणतेय, नाठाळ आहे."

उत्तमराव उठेपर्यंत त्या पोचल्याही होत्या. गुडघे दुखतात हे विसरून त्यांनी गजांतून अर्धी बाहेर गेलेल्या टिकलीला मागे ओढलं, उचलून आणलं, कडी काढली आणि तिला उंबऱ्याच्या आत ठेवलं. "जा गं बाई. जा."

दार वीतभर उघडं राहिलं. वाऱ्याने लागू नये म्हणून मालनबाईंनी ते हाताने धरून ठेवलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. उत्तमरावांनीही फिरवलं. आतून काहीच आवाज येईना. मग कमोडवर नखं घसरल्याचा आवाज आला. मग पुन्हा शांतता.

"सेक्रेटरीला मी सांगतो," उत्तमराव हळूच म्हणाले. "रचनाला नवी कुंडी आणून देतो. चूक आपली होती म्हणतो."

"माझी म्हणा," मालनबाई म्हणाल्या आणि मोकळ्या हाताने पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात जगन करंडी घेऊन आत आला. मामा-मामी संडासाच्या दारात भिंतीकडे तोंड करून का उभे आहेत, हे विचारायलाही त्याला सवड नव्हती. त्याने करंडी खाली टाकली.

"मामी, दोन तास अडकलेलो ट्रॅफिकमध्ये. सरका जरा, आधी जाऊन येतो."

मालनबाईंनी दार सोडलं नाही.

"थांब रे," त्या म्हणाल्या. "आत माणूस आहे."