मेमरी कोण खातंय?

रुग्णालयाच्या नोंदींचा बॅकअप सर्व्हरवर सुखरूप परत आला, असं साहेबांनी जाहीर केलं. पुढच्याच क्षणी सर्व्हर 'मेमरी अपुरी' म्हणत आडवा झाला, आणि तसं कोणी काही बोललंच नव्हतं असं ठरलं.

सर्व्हरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. वरच्या मजल्यावर त्याची सख्खी मावशी ऑपरेशनसाठी खोळंबली होती, आणि बॅकअपमधला जुना रिपोर्ट पाहिल्याशिवाय सर्जनबाई हात लावायला तयार नव्हत्या. त्याने बॅकअप पुन्हा चढवायला घेतला, बंद करता येईल ते सगळं बंद केलं, तरी मेमरी कोण खातंय तेच कळेना.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. "अरे बाळ्या, परत ब्याण्णव टक्क्यांवर अडकलं की!"

"तुला गं कसं कळलं?"

"बॅकअप किती टक्के आला ते दाखवणाऱ्या पानाची लिंक तुझ्या साहेबांनीच पेशंट, नातेवाईक सगळ्यांना पाठवलीय. अख्खा वॉर्ड मोबाइलला डोळे लावून बसलाय."

ते पान त्याच सर्व्हरवर चालत होतं, आणि प्रत्येक बघणारा थोडी थोडी मेमरी खात होता. तो धावतच साहेबांकडे गेला. "बंद कसं करणार? लोक घाबरतील," म्हणत साहेबांनी स्वतःच तोडगा काढला.



त्याच पानावर ठळक सूचना झळकली: "नातेवाइकांनी हे पान पाहू नये व काळजी करणे तात्पुरते स्थगित ठेवावे, ही नम्र विनंती."