मोजलेली गाडी

"गाडीचा नंबर?" खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं.

थोरलीनं पिशवीतून चिठ्ठी काढून नंबर वाचून दाखवला. गाडी धाकट्या बहिणीची. "ताई, तू उन्हाची जाऊ नकोस, बुकिंग मी मोबाइलवरून करते," असं धाकटीनं दोनदा बजावलं होतं. पण गाड्यांसकट माणसं नेणारी ही बोट चालणार वर्षातले चार महिने, आणि वरच्या मजल्यावरच्या जागा हातोहात जाणार. थोरलीला घरी बसवेना. आपणच परस्पर तिकिटं काढायची आणि धाकटीला चाट पाडायचं, असं ठरवून ती दोन बस बदलून धक्क्यावर आली होती.

"तारीख?"

"पुढच्या महिन्याची अठरा. सतराला माझा नेम पुरा होतो ना. वर्षभर गोड सोडलंय मी. अठराला बोटीवर बहिणीच्या हातून पहिला घास घ्यायचा."

कारकून हसला. "मावशी, मला नुसती तारीख पुरे."

"बरं, आणि गाडी मोजायला कधी आणायची? बाहेर पाटीवर लिहिलंय तसं."

बाहेर एक माणूस टेप धरून एका गाडीभोवती वाकून फिरत होता. बोटीचा तोल राखायचा म्हणून कुठली गाडी डावीकडे लावायची आणि कुठली उजवीकडे, हे आधीच ठरे. त्यासाठी प्रत्येक गाडीची लांबी-उंची एकदा घ्यायची आणि जाड वहीत नंबरासकट लिहून ठेवायची. मग पुन्हा मोजायची भानगड नाही.

कारकुनानं वही उघडली, पानं उलटली आणि एका ओळीवर पेन टेकवलं. "तुमची नका आणू. ती मोजलेली आहे."

"दुसरी कुणाची तरी असेल हो. आम्ही पहिल्यांदाच चाललोय. आमचं फ्रॉक घालायच्या वयापासून ठरलंय, जायचं तर दोघींनी मिळून."

"आता वही काय खोटं बोलते?" त्यानं वही तिच्याकडे फिरवली. "हा बघा नंबर. निळी गाडी. मोठी माणसं दोन, मुलं दोन. मागच्या हंगामातली, त्याच महिन्याची सतरा तारीख, सकाळची फेरी. परत आले एकोणीसला, संध्याकाळी."

थोरलीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. आकडे जागचे हलले नाहीत.

त्याच सतराला सकाळी धाकटीचा फोन आला होता. नवऱ्याला दवाखान्यात हलवलंय, पोटाचं ऑपरेशन करायचंय, ताई, आईकडे यायला नाही गं जमत. थोरलीनं फोन ठेवला आणि उभ्या उभ्या देवापुढे हात जोडले. त्याला बरं वाटू दे, वर्षभर गोड तोंडात घालणार नाही. मग दोन दिवस ती आईच्या उशाशी बसून होती. दारात जरा काही वाजलं की आई विचारायची, "धाकटी आली?"

"येतेय," थोरली सांगायची. "तिच्यामागेच किती लागलंय बिचारीच्या."

एकोणीसला सकाळी आई गेली. धाकटी पोचली ती विसाला. तिचं नाक लालबुंद होऊन सोललेलं. दवाखान्याच्या खेपांनी उन्हात पोळली पोर, असं म्हणत थोरलीनं स्वतःच्या हातानं त्या नाकाला साय लावली होती.

"मावशी, आवरा की! बोट खिडकीतूनच सोडताय का?" रांगेतून कुणीतरी ओरडलं. दोघंतिघं हसले.

थोरली बाजूला झाली आणि तिनं धाकटीला फोन लावला.

"मी धक्क्यावर आहे गं. तिकिटं काढतेय."

"अगं ताई! सांगितलं होतं ना तुला? कशाला एवढी दगदग?"

"कुठल्या बाजूला बसायचं, तेवढं सांग."

"डावीकडे घे. उजवीकडे धुराड्याचा धूर सगळा तोंडावर येतो, पोरं तर नुसती खोकून..." धाकटी थांबली. "म्हणजे, पोरांच्या मोबाइलवर बघितलं मी. सगळ्याचे व्हिडिओ असतात हल्ली."

"असतील." थोरलीचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "आणि साय आणू का गं डबीतून? पाण्यावरच्या उन्हानं नाक सोलतं म्हणे."

 पलीकडे कुकरची शिटी झाली, मग दुसरी, तरी गॅस कुणी बंद केला नाही.

"ताई... ताई, ऐक ना. आई इतक्यातच जाईल असं कुणाला वाटलं होतं..."

थोरलीनं फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला. तिथे बोटीतल्या बाकावर टाकायला शिवलेल्या दोन उशांच्या खोळी होत्या, धाकटीच्या खोळीला धाकटीच्या आवडीची जांभळी किनार. त्यांच्याखाली तिनं फोन सारला आणि ती पुन्हा रांगेत उभी राहिली.

"मग?" तिची पाळी आल्यावर कारकून म्हणाला. "दोन मोठे, एक गाडी?"

"एक मोठं. गाडी नाही."

"आणि बहीण?"

"तिचं बघून झालंय."

तिकीट घेऊन ती बाहेर आली. चहाच्या गाडीपाशी बाकावर टेकली. चहावाल्यानं तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि न विचारता ग्लास भरला.

"घामानं डबडबलात मावशी. दोन चमचे साखर टाकतो, बरं वाटेल."

थोरलीनं ग्लासावर तळहात आडवा धरला.

"नको," ती म्हणाली. "अजून एकवीस दिवस आहेत."