संपाच्या दिवसांतली गाणी

"आई, बाबांची कॅसेट कुठंय?"

ट्रंकेतले सगळे कपडे जमिनीवर आले होते. जनाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"परवा गाण्यांसाठी दिली नाहीस का तू? उल्हासनगरला न्यायला?"

"मी कोरी दिली होती! ती तर इथंच पडलीय!"

"मला मेलीला काय वाचता येतंय? दोन्ही सारख्याच दिसतात."

जयदेव मटकन खालीच बसला.

कंपनीतल्या चौऱ्याहत्तरच्या संपाला पंधरा वर्षं झाली, म्हणून आज पाच वाजता अंबरनाथला जुने कामगार जमणार होते. त्या काळी नाक्यानाक्यावर वाजायची ती सिनेमाची गाणी लावू, ही कल्पना जयदेवचीच. सोळा गाण्यांची यादी त्यानेच केली. आई उल्हासनगरला कापड आणायला निघाली होती, म्हणून गाणी भरून घ्यायला यादी आणि कॅसेट तिच्याजवळ दिली. पण गाणी नुसतं निमित्त होतं. त्याला लावायची होती ती बाबांची कॅसेट.

त्याचा बाप शिवराम गेल्या वर्षी गेला. जाण्याआधी एका दुपारी दार लावून त्याने ती स्वतःच्या आवाजात दोन्ही बाजूंनी भरली. जवळ एकटी जनाबाई होती. मुद्द्यावर यायला शिवरामला जन्मभर वेळच लागायचा. मग कोणी पुसू नये म्हणून त्याने कॅसेटच्या पाठच्या दोन्ही पाकळ्या तोडल्या आणि ती पोराच्या हातात दिली. "किसनच्या रखमासमोरच लाव. आधी नाही."

रखमा नवरा गेल्यावर भावाकडे साताऱ्याला राहत होती. आज ती येणार होती. जयदेवने शब्द पाळला होता, कॅसेट एकदाही ऐकली नव्हती. ऐकायची गरजही नव्हती. तिच्यात कोणाचं नाव असणार हे आख्ख्या कुळगावला ठाऊक होतं. नाथाचं.

किसन संपाचा पुढारी. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर लपला होता. त्याला भाकरी पोचवायचा नाथा. एका पहाटे मालकाचे गुंड नेमके त्याच झोपडीत शिरले. किसन जिवंत परतला नाही. त्याचा जिवलग दोस्त शिवराम त्या आठवड्यात नऊ वर्षांच्या जयदेवच्या उशाशी बसून होता. संप असतानाही कंपनीच्या दवाखान्यात खाट मिळाली म्हणून पोर वाचलं, असं आई सांगायची.

तेव्हापासून नाथाच्या घरचं पाणी कोणी प्यायलं नव्हतं. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. जयदेवने लहानपणी त्याच्या दारावर दगड मारले होते आणि आजवर त्याला त्याची लाज वाटली नव्हती. फक्त पुरावा नव्हता. तो त्या कॅसेटमध्ये होता.

शेजारच्याची लुना घेऊन तो सुटला. उल्हासनगरच्या त्या कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात शिरला तेव्हा म्हातारा सिंधी सेठ कानाला हेडफोन लावून बसला होता. डेकमध्ये कॅसेट फिरत होती.

"बंद कर! बंद कर!"

सेठने बटण दाबलं. "काय झालं साईं? शेवटचं गाणं आत्ताच खतम झालं. दोन मिनिटं टेप उरलीय. म्युझिकचं फिलर टाकतो. मी कॅसेट अर्धवट देत नाही कधी."

"पाकळ्या तोडलेल्या होत्या. दिसत नाही तुला? तरी भरलीस?"

"भोकांवर चिकटपट्टी लावूनच आली होती. पट्टी लावली की पुन्हा भरता येते. मला वाटलं, जुनं पुसायचंच असेल."

म्हातारा आपली चूक झाकतोय, जयदेवला वाटलं. आता भांडून काय उपयोग? वरातीमागून घोडं. "खड्ड्यात घाल तुझं फिलर," म्हणत त्याने कॅसेट हिसकावली. रस्त्यावर आला तेव्हा त्याला रडू आवरेना.

घरी जनाबाई दारातच उभी होती.

"दोन्ही बाजू भरल्या का रे? पूर्ण?"

"भरल्या! बाबांना पुसून टाकलंस तू! आता नाच!"

तिने पदर तोंडाला लावला. आईवर तो कधी असा ओरडला नव्हता. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. म्हातारीने काय मुद्दाम केलं होतं?

पाच वाजता हॉल भरला. पुढच्या रांगेत रखमा, तिच्या शेजारी जनाबाई. दाराबाहेर नाथा उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, आणि आत ये असंही कोणी म्हणत नव्हतं.

दुसरं काही नव्हतंच, म्हणून जयदेवने तीच कॅसेट लावली. गाणी सुरू झाली तशी माणसं सैलावली. कोणी खुर्चीवर ठेका धरला. "हे गाणं ह्यांना लई आवडायचं," रखमा म्हणाली आणि डोळे पुसू लागली. जनाबाईची नजर मात्र टेपवरून हलत नव्हती.

सोळावं गाणं संपलं. जयदेव बंद करायला उठला, तेवढ्यात स्पीकरमधून खोकला ऐकू आला.

बाबांचा खोकला.

"...लई लांबण लावली, रखमावहिनी. आता मुद्द्याचं बोलतो."

ती दोन मिनिटं! जयदेवचा जीव भांड्यात पडला. त्याने आवाज पूर्ण मोठा केला. जनाबाई धडपडत उठली, तिचा हात प्लगकडे गेला. जयदेवने तिचं मनगट घट्ट धरलं.

"थांब आई, बाबा बोलतायत!" मग दाराकडे बघून तो गरजला, "ए नाथा! आत ये! सगळ्यांसमोर ऐक!"

नाथा आत आला.

"नाथाला बोल लावू नका, वहिनी," शिवरामचा आवाज आला. "आमच्या जयदेवला दवाखान्यात घेत नव्हते. किसनचा ठिकाणा मी साहेबाला सांगितला, तेव्हा खाट मिळाली."