डावी वाट

नकाशावरून जंगलात वाट शोधत धावायची विश्वस्पर्धा होती. दोन वाटा फुटल्या तिथं हर्षाली थांबली. ती नकाशा बघणार, तोच तिच्या कपाळावर बांधलेल्या पट्टीतून प्रशिक्षक खरकर ओरडले, "डावीकडे पळ! अख्ख्या देशाचा सट्टा डावीवर लागलाय."

"सर, मी अजून ठरवलंच नाही."

"तू ठरवायच्या आधीच पट्टी तुझा मेंदू वाचते. चल!"

हर्षालीनं पट्टी उपटून झुडपात भिरकावली.

"अगं, पट्टी काढली तर भारत बाद होईल, सगळा सट्टा रद्द होईल!" झुडपातून आवाज आला.

"होऊ दे. चुकले तर माझी मी चुकेन."

तिनं होकायंत्र लावून नकाशा उत्तरेला जुळवला, स्वतः उभी होती त्या जागेवर अंगठा टेकवला आणि चढउतार नीट वाचले.

डावी वाटच बरोबर होती.

ती खदखदून हसली आणि डावीकडेच सुसाट सुटली. आता तिच्यावर कुणाचाच पैसा नव्हता.