चौथा पेला

पहाटे तंबूबाहेर वसुधाने सवयीने चहाचे चार पेले भरले. मुलाला जाऊन सहा महिने झाले होते. तो चौथा पेला हातात घेऊनच ती नवरा आणि धाकट्या लेकीमागून किनाऱ्यावर आली.

कासवांची अंडी राखणाऱ्या कासवमित्राने टोपली वाळूवर हलकेच आडवी केली. कासवाची चिमुकली पिल्लं समुद्राकडे निघाली. लेक हरखली. वसुधाला काहीच वाटलं नाही.

“यांची आई कुठंय?” लेकीने विचारलं.

“ती अंडी घालून त्याच रात्री समुद्रात परत गेली,” कासवमित्र म्हणाला. “पुढे पिल्लं जगली की गेली, तिला कधीच कळत नाही.”

वसुधाने निवलेला चहा वाळूत ओतला.

“बरं आहे तिचं,” ती म्हणाली.