सहा अक्षरं

डोळे अधू असलेल्यांना मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आम्ही काही हौशी मंडळींनी बनवून फुकट वाटलंय. त्यासाठी बऱ्याच जणांनी आपला आवाज दिला, माझ्या आईनंही दिला होता. कुठले आवाज कोणी वापरतच नाही ते कळावं, म्हणून आम्ही मोजणी सुरू केली. कुठला आवाज, किती वाजता, किती अक्षरं, एवढंच आमच्याकडे यायचं. "यावरून कोणालाही ओळखता येणार नाही," हे वाक्य वापरणाऱ्यांना पाठवलेल्या सूचनेत मीच छातीठोकपणे लिहिलं होतं.

आईच्या आवाजाची एकच नोंद यायची. रोज दुपारी चारला, सहा अक्षरं.

चारला आई बाबांना जी हाक मारायची, ती मी बोटांवर मोजून पाहिली. 'अहो, चहा झाला.' आईला जाऊन तीन वर्षं झाली आणि बाबा दर वेळी फोनवर सांगतात, "मी मजेत आहे रे, माझी काळजी करू नकोस."

त्यांच्या दाराला कान लावून उभा असल्यासारखं वाटलं मला. त्याच दिवशी भांडून मोजणी बंद करायला लावली, आकडे पुसले. बाबांना मात्र एका शब्दानं बोललो नाही. सगळ्यांना सूचना गेली, 'यापुढे आम्ही तुमचा वापर मोजणार नाही.'

दोन दिवसांनी बाबांचा फोन आला.

"ते मोजणं बंद का केलंत रे?"

"का हो बाबा?"



"ती रोज हाक मारते, हे माझ्याशिवाय तुला एकट्यालाच कळत होतं ना."